पणजोबाच्या मागं जायचंय, पण कागद १९३८ ला अडतोय (कागल तालुका)

विहिरीकडचा:
नमस्कार मंडळी. कागल तालुक्यातल्या एका शेतकरी घराची वंशावळ लावतोय. दाखल्यासाठी नाही, घरात राहावी म्हणून. हातात एवढं आहे: चालू सातबारा, ८अ, आजोबांचा वारस फेरफार आणि त्याच्या मागचा १९३८ चा एक फेरफार, ज्यात पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ आहेत. त्याच्या मागं काही लागत नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गट नंबर घालून अर्ज केला, "अभिलेख आढळून येत नाही" असा शेरा मारून परत आला.

आता प्रश्न. १९३८ च्या मागं जायला कुठला कागद मागायचा? आडनाव पाटील आहे, पण भावकीतली म्हातारी माणसं मूळ आडनाव वेगळं सांगतात, ते कशावरून ठरवायचं? हेळव्याच्या (घराण्याच्या पिढ्या वहीत ठेवून गाऊन सांगणाऱ्याच्या) वहीवर किती विसंबायचं? आणि घरातल्या बायकांची नावं कुठल्याच कागदात का नाहीत?

जुनं दफ्तर:
भावा, अर्ज परत आला तो गट नंबरामुळंच. १९३८ साली गट नव्हतेच, सर्व्हे नंबर आणि त्याचे हिस्से होते. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, आणि त्याखालची योजना गावोगाव वेगवेगळ्या साली राबवली. तिथं जुने नंबर मोडून गट पडले. रेकॉर्ड रूममधला माणूस गठ्ठा जुन्या नंबरानं बघतो. तू नवा नंबर दिलास, त्याला काय सापडणार?

आधी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जा आणि एकत्रीकरण योजनेचा ९(३) आणि ९(४) चा उतारा माग. कोणत्या खातेदाराचा कुठला सर्व्हे नंबर, कुठला हिस्सा कुठल्या गटात गेला हे त्यात दिसतं. इथं एक खोच आहे. योजनेत जमिनींची अदलाबदल झाली. म्हणजे आज तुझ्या नावावर असलेला गट पणजोबाच्या जमिनीवरच असेल असं नाही, तो दुसऱ्या कुणाच्या शेतातून आलेला असू शकतो. म्हणून उतारा फक्त गटावरून वाचू नको, त्या वेळच्या खातेदाराच्या नावावरूनही वाच. आजोबांच्या नावापुढं योजनेआधीचे जे नंबर असतील, ते तुझे खरे जुने नंबर.

ते हातात आले की मग तहसीलला दुसरा अर्ज. त्यात गाव, जुना सर्व्हे नंबर हिस्स्यासकट, आणि सालाची मर्यादा घाल. मागायचे कागद: हस्तलिखित जुने सातबारे, कडईपत्रक म्हणजे सातबाऱ्याआधीचा उतारा, आणि गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. कोर्ट फी स्टँप लावायला विसरू नको. आणि एकदम नक्कल मागण्यापेक्षा आधी अभिलेख पाहणीची परवानगी माग. कारकून फक्त तू लिहिलेला आकडा शोधतो. तू स्वतः वही चाळलीस तर शेजारच्या पानावरचा चुलत पणजोबाही दिसतो.

जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफार नंबर. प्रत्येक वर्तुळ म्हणजे त्या जमिनीवर घडलेली एक गोष्ट: वारस, वाटप, खरेदी, बोजा. सगळ्या वर्तुळांची यादी कर आणि एकेक फेरफार काढ. नावामागं जाणारा माणूस भरकटतो, कारण गावात राणू पाटील चार असतात. जमिनीमागं जाणारा भरकटत नाही.

आता नाव अचानक गायब होतं त्याचं नेहमीचं कारण. पूर्वज कूळ असेल तर कुळकायद्याच्या आधी मालकाच्या रकान्यात तो दिसणारच नाही. कृषकदिन, म्हणजे कुळाला मालक मानायचा दिवस, १ एप्रिल १९५७ चा, त्यानंतर कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली, प्रमाणपत्र झालं आणि तेव्हा कुठं नाव चढलं. त्याच्या मागं जायचं तर मालकाचा सातबारा काढायचा आणि पीकपाहणीच्या भागात कसणाऱ्याचं नाव बघायचं.

जमीन सोडून तीन कागद आहेत. एक, गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यूची नोंद. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव, "मुलगा" किंवा "मुलगी", तारीख, जात, एवढंच. त्यामुळं पोराच्या नावानं शोधलंस तर काही मिळणार नाही, बापाच्या नावानं शोध. दोन, १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. घरवार आहे, आणि सातबाऱ्यावर कधीच न आलेली माणसं इथं भेटतात. तीन, प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. कोल्हापूर संस्थानात १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, त्यामुळं खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव रजिस्टरात सापडायची शक्यता बरी. फक्त जन्मतारखेवर जाऊ नको. १ जूनला जन्मलेली पोरं निम्मी शाळा भरेल एवढी निघतात, ती गुरुजींनी अंदाजानं टाकलेली असते. बापाचं नाव आणि दाखल झाल्याचं साल तेवढं घे.

मोडीवाचक:
वरच्यात भर. १९३८ च्या मागं गेलात की "कुठल्या तालुक्यात" यापेक्षा "कुणाच्या मुलखात" हा प्रश्न मोठा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. आजचा जिल्हा म्हणजे सगळा संस्थानी मुलूख नव्हे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, कुरुंदवाड पटवर्धनांचं, इचलकरंजी जहागिरीचं. उलट रायबाग कोल्हापूरकरांचा, तो आज कर्नाटकात. कागल तालुक्यात तर एका बाजूला कागलची थोरली आणि धाकटी जहागीर, दुसऱ्या बाजूला सेनापती कापशीची, आणि उरलेला खालसा, म्हणजे थेट संस्थानचा मुलूख. गाव जहागिरीतलं असेल तर वसुलाचे कागद जहागिरीच्या दफ्तरात बनलेले असतात, म्हणून गाव कुणाकडं होतं हे आधी पक्कं करा. तालुक्यांची जुनी नावंही वेगळी: हातकणंगल्याकडच्या गावांचे जुने कागद "पेटा आळते" या नावाखाली बघावे लागतात.

संस्थानचं दफ्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे, राज्याच्या पुराभिलेख खात्याचं. तिथं घराण्याच्या नावाची यादी मिळेल या आशेनं जाऊ नका. कागद खात्याप्रमाणं आणि सालाप्रमाणं रुमालात बांधलेले असतात. गाव, पेटा आणि वीस वर्षांची मर्यादा घेऊन जा, म्हणजे कुठला रुमाल सोडायचा ते ठरतं. ओळखपत्र आणि कारण लिहिलेला अर्ज लागतो.

लिपी मोडी. वाचून घेताना दोन गोष्टी सांभाळा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ आधी आखलेली असते आणि अक्षरं तिला लटकत सलग जातात. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नाही. त्यामुळं एका नावाचा शेवट दुसऱ्याला चिकटतो. वाचणाऱ्याकडून नुसतं सार घेऊ नका, ओळीला ओळ बाळबोधीत म्हणजे देवनागरीत उतरवून घ्या. शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह टाकायला सांगा. खात्याचे मोडी वर्गही भरतात. शंभरेक पानं चाळायची असतील तर स्वतः शिकणं परवडतं.

नाव कसं लिहितात तेही समजून घ्या. "धोंडी बिन राणू" म्हणजे राणूचा मुलगा धोंडी. पुष्कळदा "बिन" चं नुसतं "बि" उरतं आणि वाचणारा ते नावाला जोडून टाकतो. "गंगाबाई कोम राणू" म्हणजे राणूची बायको. नंतरच्या कागदात त्याच जागी "भ्र." येतं, म्हणजे भ्रतार. आणि "पाटील मोकदम" दिसलं तर मोकदम हे आडनाव समजू नका, तो पाटलाचाच हुद्दा.

साल काढायची रीत: शक असेल तर ७८ मिळवा (पौषाच्या पुढं ७९). फसली असेल तर ५९०, आणि नोंद जानेवारी ते मृग यामधली असेल तर ५९१, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. "समान सितैन मया व अलफ" म्हणजे आठ, साठ, शंभर, हजार, एकूण ११६८. त्यात ५९९ मिळवा: १७६७ चा मृग ते १७६८ चा मृग. तिन्ही सन एकाच फाईलीत भेटतात, म्हणून वंशावळीत मूळ सनही लिहा, नुसतं इसवी नको.

विहिरीकडचा:
दोघांचेही आभार. १९३८ चा फेरफार जसाच्या तसा देतो, नावं तेवढी बदलली आहेत:

"धोंडी राणू पाटील मयत होऊन अंदाजे ३ वर्षे झाली. वारस मुलगे १) राणू २) बाळा अ.पा.क. आई सखूबाई भ्र. धोंडी. एकत्र असलेने थोरला राणू याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. वर्दी राणू धोंडी."

यातला राणू म्हणजे आमचे पणजोबा.

जुनं दफ्तर:
मग कागद १९३८ ला कुठं संपतो? तुझ्याकडं याच्यातच आणखी दोन पिढ्या आहेत. राणू पणजोबा, त्याचा बाप धोंडी, त्याचाही बाप राणू. नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत, त्यामुळं राणू-धोंडी-राणू-धोंडी अशी आलटून पालटून माळ लागते. हौशी वंशावळीतली सगळ्यात मोठी चूक इथंच होते. दोन राणू एकच समजून मधली एक पिढी गिळली जाते. आत्ताच राणू-१ (धोंडीचा बाप), राणू-२ (पणजोबा) असे आकडे घाल आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं तो आकडा लिही.

आता अक्षर न् अक्षर बघू. "मयत होऊन अंदाजे ३ वर्षे" म्हणजे मृत्यू १९३५ च्या आसपास. पण ही वर्दी देणाऱ्यानं सांगितलेली वर्षं, मोजलेली नव्हेत. कोतवाल बुकात १९३३ ते १९३६ एवढी पानं चाळ. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाळा १९३८ ला अठराच्या आत, म्हणजे जन्म १९२० किंवा नंतरचा. राणूच्या नावापुढं ते नाही, म्हणजे तो सज्ञान, जन्म १९२० किंवा आधीचा. सखूबाई १९३८ ला हयात. आणि नीट वाच: सखूबाई बाळाची आई म्हणून लिहिली आहे. राणूची आई तीच असेल असं धरू नको. भावाभावांत वयाचं अंतर मोठं निघालं तर पहिली बायको होती का ते विचार.

"ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथून पुढं सातबाऱ्यावर एकटा राणू दिसणार आणि बाळा नाहीसा होणार. पुढच्या पिढीला वाटतं बाळाला जमीनच नव्हती, किंवा तो वारला. तसं नसतं. बाळाची शाखा शोधायची तर नंतरचा वाटपाचा फेरफार काढ.

या नोंदीखाली मंजुरीचा शेरा आणि सर्कलची (मंडळ अधिकाऱ्याची) सही आहे का तेही बघ. नामंजूर नोंदीत तक्रार करणाऱ्याचं म्हणणं असतं, आणि भाऊबंदकीत वंशावळ जितकी उलगडते तितकी शांततेत उलगडत नाही.

विहिरीकडचा:
बाळाची शाखा आमच्या यादीत खरंच नव्हती. मुलींचं काय? एकही नाव नाही.

जुनं दफ्तर:
१९३८ ला मुलगे असताना मुलीला वारस म्हणून लिहायचं कारणच नव्हतं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्यानंतरच्या वारस फेरफारात मुली येतात, पुष्कळदा इतर हक्काच्या रकान्यात, सासरच्या नावानं आणि "रा. मौजे अमुक" असं गाव घालून. आजोबांच्या बहिणी तिथं सापडतील. त्याआधीच्यांसाठी महसुलाचा कागद कामाचा नाही, खाली कुणी सांगेल.

गडहिंग्लजची अक्का:
सांगते. हेळव्याची वही आणि तीर्थोपाध्यायाची वही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकीनं दुसरी तपासायची.

हेळवी सुगी झाल्यावर येतो, पूर्वी बैलावर, आता गाडीवर. प्रत्येकाची गावं आणि घरं वाटून घेतलेली असतात, दुसऱ्याच्या गावात तो वाचत नाही. म्हणून भेटेल त्या हेळव्याला विचारून उपयोग नाही, तुमच्या भावकीचा कोण ते आधी काढा. मूळ घर जिथून आलं ते गाव, आडनाव, कुळ, कुणाला किती मुलगे, कोण कुठं जाऊन राहिला, हे तो गाऊन वाचतो. गाताना पिढ्या भराभर जातात, म्हणून आधी रेकॉर्ड करून घ्या, मग थांबत थांबत दुसऱ्यांदा वाचायला सांगा आणि प्रत्येक पिढीला विचारा: हे पानावर आहे का तोंडी? वही नव्यानं उतरवलेली असेल तर जुनी कुठं आहे तेही विचारा. धान्य किंवा पैसे काय द्यायचे ते आधी बोलून ठेवा. नवी बाळं आणि लग्नं त्याला लिहायला द्या, त्याच्या येण्याचा अर्थ तोच आहे.

तीर्थाची वही म्हणजे नाशिक-त्र्यंबकची. तिथंही उपाध्याय गावावरून आणि जातीवरून ठरतो. रामकुंडावर गावाचं नाव, तालुका, जात, आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्याय कोण ते कळतं. यात्रेकरू येई तेव्हा बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव लेखात घाली. एकाच लेखात चार पिढ्या, आणि साल पक्कं. बरोबर बायको, आई आली असेल तर तिचंही नाव, म्हणून बायकांसाठी हा कागद फेरफारापेक्षा बरा. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे १८९१ ला आली, त्याच्या पुढची सालं आधी बघा. सिंहस्थाची सालंही. लेख कुणाच्या अस्थी घेऊन आल्यावरचा असेल तर मृत्यूचाही अंदाज लागतो.

आणि घरातच बसून होणारं एक काम. भावकीत सुतक कोण कोण धरतं त्याची यादी करा. दहा दिवस पाळणारी घरं एका रंगानं, तीन दिवस पाळणारी दुसऱ्या रंगानं. तीन दिवसवाल्यांचा फाटा जुना. कागद नसला तरी कुठली शाखा किती मागं फुटली ते यावरून दिसतं. सोबत देवक आणि कुलदैवतही विचारा. देवक जुळत नसेल तर आडनाव सारखं असूनही भावकी नव्हे.

मोडीवाचक:
अक्कांशी एका बाबतीत जरा मतभेद. हेळव्याच्या वहीतल्या वरच्या पिढ्या, जिथं मूळ पुरुष थेट एखाद्या राजघराण्याला जाऊन भिडतो, त्या वेगळ्या कागदावर लिहा. अलीकडच्या चार-पाच पिढ्या फेरफाराशी जुळतात का ते बघा. जुळल्या तर मधल्या पिढ्यांवर भरवसा ठेवायला जागा आहे. सगळ्यात वरच्या पिढ्या ही स्तुती असते.

गडहिंग्लजची अक्का:
मान्य. पण कोण कुठल्या गावाहून आला हे वहीत असतं ते खोटं निघताना फारसं दिसत नाही. त्या गावी जाऊन तिथली भावकी शोधा, तोच पडताळा.

मोडीवाचक:
आता आडनाव. पाटील हा हुद्दा. पाटीलकी ज्या घराकडं, त्याच्या सगळ्या शाखा पाटील लावू लागल्या. चौगुल्यांचंही तसंच. मूळ आडनाव तीर्थाच्या लेखात, हेळव्याच्या वहीत किंवा वतनाच्या कागदात सापडतं. वतनाचा कागद यासाठी सगळ्यात जोरदार. पाटीलकीच्या तक्षिमा म्हणजे वाटे असत, कुठल्या शाखेनं कधी पाटीलकी करायची याची पाळी असे, आणि पाळीवरून वाद झाला की दोन्ही बाजू वंशावळ जोडत. पाटीलकी वतन १ जानेवारी १९६३ पासून गेलं, त्यामुळं तोवरच्या वादाचे कागद शोधण्यासारखे. तहसील आणि प्रांत कार्यालयात वतन रजिस्टर आणि वतनाच्या फाईली विचारा, संस्थानकाळातल्या पुराभिलेखागारात. मात्र वादातली वंशावळ ही पक्षकाराची. समोरच्याची प्रतही काढा. दोघांनी जिथं एकच नाव लिहिलं ते धरा, जिथं एकानं एक शाखा गाळली तिथंच भांडण होतं.

संस्थानात कुलकर्णी वतनं १९१८ ला बंद होऊन पगारी तलाठी आले. त्याआधीचे गावचे हिशेब कुलकर्ण्यांच्या घरात राहिलेले असू शकतात. गावात ते घर असेल तर माळ्यावरच्या पेटीबद्दल आदबीनं विचारा. मात्र "आमच्या जमिनीचा कागद आहे का" असं विचारलंत तर दार बंद होतं.

नदीकाठ:
दोन बारीक गोष्टी. घरातलं कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कामी आलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि "कोल्हापूर" असतं. स्पेलिंग तिथल्या कारकुनानं कानावर पडलं तसं केलेलं, म्हणून गावाच्या नावानं चार तऱ्हांनी शोधा. आणि गाव धरणात गेलेलं असेल, काळम्मावाडीकडचं किंवा चांदोलीकडचं, तर पुनर्वसनाच्या गावचा सातबारा तिथूनच सुरू होतो. मागचं सगळं बुडालेल्या गावच्या नावानं, मूळ तालुक्यात मागायचं.

डीएनएचं किट मागवणार असाल तर राहू द्या. त्यात नाव, गाव काही येत नाही.

विहिरीकडचा:
भूमी अभिलेखातून ९(३) चा उतारा मिळाला. आजोबांच्या नावापुढं योजनेआधीचे दोन सर्व्हे नंबर निघाले. एक आमच्या सध्याच्या गटात आहे, दुसरा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आज तो परक्यांच्या गटात. दोन्हींचे अर्ज करू का आपला तेवढाच?

जुनं दफ्तर:
दोन्ही कर, आणि लांबचा आधी. घराजवळची जमीन मागाहून खरेदीनं आलेली असू शकते. लांबचा तुकडा कुणी मुद्दाम विकत घेत नाही, तो वाटणीत आलेला असायचा संभव जास्त. त्याच नंबराचे बाकीचे हिस्से कुणाच्या नावावर होते तेही उतरवून घे. तिथं बाळाचा किंवा राणू-१ च्या दुसऱ्या मुलाचा हिस्सा निघाला तर फाटा सापडला. अर्जात "सर्व हिस्से" असं स्पष्ट लिही, नाहीतर एकाच हिस्स्याची नक्कल हातात ठेवतील.